केमोचे वेळापत्रक आणि सत्राचे वेळापत्रक : गंभीर आजारात अभियांत्रिकीची पदवी पूर्ण करताना

अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षातला एक मुलगा गणपतीच्या सुट्टीनंतर माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला आणि शर्टाची कॉलर बाजूला करून मानेवरची पट्टी दाखवत म्हणाला, “मॅडम, बायोप्सीचा रिपोर्ट आलाय. हॉजकिन्स लिम्फोमा आहे. पण माझं टर्म वर्क पूर्ण आहे.” मी त्याची जीएफएम, म्हणजे पालक-शिक्षिका होते. त्याच्या वाक्याचा दुसरा भाग मला पहिल्या भागाइतकाच लक्षात राहिला आहे, कारण आजार कळल्याच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा त्याला धास्ती होती ती डिटेन्शनच्या, म्हणजे परीक्षेला बसू न देण्याच्या, यादीची. त्यानंतरच्या वर्षांत मी अशा अनेक मुलामुलींबरोबर कार्यालयाच्या खिडक्यांपुढे उभी राहिले आहे. या सगळ्यांकडून एक चूक हटकून होते. ती मुले आधी अभ्यासाचा विचार करतात, मग कागदपत्रांचा आणि सर्वांत शेवटी उपचारांच्या तारखांचा. हा क्रम नेमका उलटा असायला हवा, आणि पुढचे सगळे मार्गदर्शन त्या उलट्या क्रमानेच मांडले आहे.

उदाहरण म्हणून मी हॉजकिन्स लिम्फोमाच घेते. हा लसीकाग्रंथींचा कर्करोग महाविद्यालयीन वयात दिसणाऱ्या कर्करोगांपैकी एक आहे, तो बरा होण्याचे प्रमाण चांगले आहे आणि त्याच्या उपचारांचे वेळापत्रक बरेचसे आधी कळते. आजार वेगळा असेल तर आकडे बदलतील, पण विचार करण्याची पद्धत तीच राहील.

पहिली पायरी : डॉक्टरांकडून तारखा मिळवणे

या आजारात फार वर्षांपासून दिल्या जाणाऱ्या एबीव्हीडी या उपचारपद्धतीत चार औषधे एकत्र दिली जातात. एक सायकल २८ दिवसांची असते आणि तिच्यात पहिल्या व पंधराव्या दिवशी डोस असतो. सहा सायकली ठरल्या, तर १२ डोस आणि साधारण साडेपाच महिने लागतात. आपले सत्र प्रत्यक्ष शिकवण्याच्या दृष्टीने सुमारे १५ आठवड्यांचे असते. उपचार एका सत्रात मावणार नाहीत आणि दुसऱ्या सत्रालाही कुठेतरी स्पर्श करतील, ही गोष्ट त्यामुळे पहिल्याच दिवशी स्पष्ट होते. ती स्पष्ट झाली, की “हे सत्र कसेबसे काढू, पुढचे पुढे बघू” हा विचार गळून पडतो.

डॉक्टरांना विचारायच्या गोष्टी वहीत लिहून न्या, कारण त्या खोलीत बसल्यावर निम्मे प्रश्न आठवत नाहीत. एकूण डोस किती, पहिला डोस कोणत्या तारखेला, डोसनंतर साधारण किती दिवस अंथरुणात जातील, पांढऱ्या पेशी कधी सर्वांत खाली जातील, उपचार लागू पडताहेत का हे पाहणारा मधला पेट स्कॅन कधी आहे, त्यानंतर उपचार बदलू शकतात का आणि रेडिएशनची शक्यता आहे का, एवढे तरी कळायलाच हवे. पेशी बहुधा डोसनंतर ७ ते १४ दिवसांच्या काळात सर्वांत कमी होतात, आणि गर्दीच्या वर्गात बसायचे की नाही हे त्यावर ठरते. आणखी एक प्रश्न आहे, जो आपल्या घरांत कोणी तोंडावर आणत नाही. या उपचारांचा पुढे मूल होण्यावर परिणाम होईल का आणि त्यासाठी आधी काही जतन करून ठेवता येईल का, हे पहिल्या डोसच्या आधी विचारावे लागते. आईवडिलांसमोर संकोच वाटत असेल, तर डॉक्टरांकडे एकट्याने बोलण्याची वेळ मागा. ती मिळते.

आता एक साधा हिशेब सांगते, कारण तो मला स्वतःला फार उशिरा सुचला. डोस १४ दिवसांच्या अंतराने असल्यामुळे पहिला डोस ज्या वारी पडतो, त्याच वारी बहुतेक सगळे डोस पडतात. डोसचा दिवस आणि नंतरचे चार दिवस वाईट जातात असे धरू. महाविद्यालय आठवड्यातून ५ दिवस चालत असेल, तर १५ आठवड्यांचे ७५ दिवस होतात, ७५ टक्के उपस्थितीसाठी त्यांतले ५७ दिवस हजर राहावे लागते आणि हातात १८ दिवसांची गैरहजेरी उरते. सत्रात ७ डोस आले आणि ते सोमवारी पडले, तर प्रत्येक वेळी पाचही दिवस बुडून एकूण ३५ दिवस जातात आणि उपस्थिती ५३ टक्क्यांवर येते. तेच डोस शुक्रवारी पडले, तर शनिवार-रविवार आपोआप विश्रांतीत जातात, प्रत्येक वेळी तीनच दिवस बुडतात आणि २१ दिवसांच्या गैरहजेरीनंतरही उपस्थिती ७२ टक्के राहते. ५३ टक्क्यांवर सूट मागणे आणि ७२ टक्क्यांवर सूट मागणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मोठ्या रुग्णालयाच्या डे-केअरमध्ये वार निवडून मिळेलच असे नाही, पेशी कमी आल्या तर डोस पुढेही जातो, आणि वारासाठी उपचार लांबवणे तर मुळीच योग्य नाही. पण विचारायला काहीच हरकत नसते. माझ्या विद्यार्थ्याने विचारले तेव्हा तिथल्या सिस्टरांनी त्याला गुरुवार दिला, आणि गुरुवारच्या डोसलाही तीनच दिवस बुडतात.

दुसरी पायरी : आजार कागदावर आणणे

“पेशंट आजारी असून त्यास विश्रांतीची गरज आहे” अशा दोन ओळींच्या प्रमाणपत्राचा महाविद्यालयात फारसा उपयोग होत नाही, कारण तसली प्रमाणपत्रे दर सत्राच्या शेवटी कार्यालयात ढिगाने येतात. तुमच्या डॉक्टरांच्या लेटरहेडवर निदानाचे नाव, उपचार सुरू होण्याची आणि संपण्याची अपेक्षित तारीख, डोसच्या ठरलेल्या तारखा, त्या त्या वेळी किती दिवस हजर राहता येणार नाही, कोणती कामे टाळायची आहेत, तसेच डॉक्टरांची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक असायला हवा. “गर्दीच्या बंद खोलीत बसू नये” आणि “वर्कशॉपमध्ये यंत्रावर काम करू नये” ही वाक्ये स्वतंत्रपणे लिहून घ्या. या एका पत्रावर पुढचे सगळे अर्ज उभे राहतात.

या पत्राबरोबर प्राचार्यांच्या नावाने अर्ज करा, त्याच्या प्रती विभागप्रमुखांना आणि जीएफएमना द्या, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कार्यालयाच्या आवक विभागातून स्वतःच्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नका. एका विद्यार्थिनीचा अर्ज मी स्वतः ओळखीच्या लिपिकाच्या हातात दिला होता आणि ओळखीमुळेच आवक क्रमांक मागितला नाही. सत्राच्या शेवटी तो अर्ज सापडला नाही, तिचे नाव डिटेन्शनच्या यादीत लागले, आणि केमोनंतर नीट चालताही न येणाऱ्या त्या मुलीला आईबरोबर तीन वेळा त्या इमारतीचे जिने चढावे लागले. ती चूक माझी होती. तेव्हापासून मी कोणाही विद्यार्थ्याला आवक क्रमांकाशिवाय माझ्या केबिनमधून परत जाऊ देत नाही.

त्या पहिल्या मुलाचे वडील बार्शीकडचे शेतकरी होते. औषधाच्या दुकानातल्या एका पांढऱ्या पिशवीत त्यांनी प्रत्येक पावती, प्रत्येक रक्ततपासणी आणि प्रत्येक अर्जाची प्रत तारखेप्रमाणे सुतळीने बांधून ठेवली होती. प्राचार्यांनी मार्चमधला रक्ताचा रिपोर्ट मागितला तेव्हा त्यांनी तो अर्ध्या मिनिटात काढून दिला. महागड्या फाइलची गरज नाही, तारखेच्या क्रमाची आहे. शिवाय प्रत्येक कागदाचा मोबाइलवर स्पष्ट फोटो काढून तो घरातल्या आणखी एकाकडे पाठवून ठेवावा.

उपस्थितीचा नियम अभ्यासक्रमागणिक वेगळा असतो, म्हणून वर्गमित्राच्या ऐकीव माहितीवर विसंबू नका. अभियांत्रिकीत ७५ टक्के सर्वपरिचित आहे, आणि आजारपणामुळे किती सूट कोणाच्या अधिकारात मिळते हे विद्यापीठाच्या किंवा स्वायत्त महाविद्यालयाच्या नियमात लिहिलेले असते. तो नियम क्रमांकासह मागून घ्या. विधी शाखेत बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे ७० टक्के उपस्थिती लागते आणि अपवादात्मक कारणासाठी ६५ टक्क्यांपर्यंत सूट देता येते. एमबीबीएसला सिद्धांताच्या तासांना ७५ आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के लागतात, पहिली व्यावसायिक परीक्षा ४ प्रयत्नांत आणि संपूर्ण अभ्यासक्रम ९ वर्षांत पुरा करावा लागतो. वैद्यकीयच्या विद्यार्थ्याने म्हणूनच परीक्षेला बसून अनुत्तीर्ण होण्यापेक्षा अर्ज करून न बसण्याचा विचार फार गांभीर्याने करावा.

तिसरी पायरी : चालू ठेवायचे की थांबायचे

इथे घराघरांत एकच वाक्य ऐकू येते, “वर्ष वाया जाईल.” मला हे वाक्य ऐकवत नाही. ल्युकेमियासारखा आजार, ज्यात सुरुवातीलाच आठवडेच्या आठवडे रुग्णालयात राहावे लागते, किंवा अस्थिमज्जेचे वा मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण असेल, तर माझे मत स्पष्ट आहे की सत्र सोडून द्यावे आणि त्यावर घरात वाद घालू नये. प्रत्यारोपणानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत जंतुसंसर्गाचा धोका सर्वांत जास्त असतो आणि साठ जणांचा वर्ग ही त्या काळात जाण्याची जागा नाही. वर उदाहरणादाखल घेतलेल्या उपचारांत मात्र अनेक मुले निम्मा भार उचलू शकतात. सगळे विषय घेऊन सगळ्यांत रखडण्यापेक्षा प्रात्यक्षिके आणि टर्म वर्क, म्हणजे सत्रभराचे लेखी काम, पूर्ण करून काही विषयांच्या लेखी परीक्षा पुढच्या वेळी द्याव्यात. बॅक, म्हणजे राहिलेला विषय, असली तरी ती पुढे निघते. टर्म ग्रँटच, म्हणजे सत्र पूर्ण केल्याची मान्यताच, मिळाली नाही, तर त्या विषयाची प्रात्यक्षिकेसुद्धा पुन्हा करावी लागतात.

सत्र सोडायचे ठरले तर ते रीतसर अर्ज देऊन, परीक्षा अर्ज भरण्याच्या आधी सोडा. न सांगता घरी बसलेल्या विद्यार्थ्याच्या नावावर गैरहजर किंवा अनुत्तीर्ण अशी नोंद होते, वायडी (इयर डाउन) लागते, म्हणजे वर्ष मागे पडते, आणि पुढे मुलाखतीत किंवा शिष्यवृत्तीच्या अर्जात तीच नोंद समोर येते. रीतसर घेतलेल्या वैद्यकीय खंडाचे उत्तर एका पत्रात देता येते.

थांबण्याआधी चार ठिकाणी चौकशी करायची असते. महाडीबीटी या राज्य शासनाच्या संकेतस्थळावरील राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीत अभ्यासक्रमादरम्यान २ वर्षे किंवा अधिक खंड पडलेला चालत नाही. एका वर्षाच्या खंडाने ती जात नाही, पण नूतनीकरणाच्या वेळी खंडाचे कारण दाखवावे लागते, म्हणून समाजकल्याण किंवा शिष्यवृत्तीचे काम पाहणाऱ्या लिपिकांना आधीच कळवा. शैक्षणिक कर्ज असेल तर बँकेला लेखी कळवा. बहुतेक बँका ज्या आदर्श योजनेप्रमाणे हे कर्ज देतात, तिच्यात अभ्यासक्रम ठरल्या मुदतीत न संपल्यास २ वर्षांपर्यंत मुदतवाढ देण्याची तरतूद आहे. वसतिगृहाची खोली टिकेल का, हे रेक्टरना विचारा.

चौथी चौकशी बहुतेकांच्या लक्षातच येत नाही, ती म्हणजे पॅटर्नची, म्हणजे अभ्यासक्रमाच्या आराखड्याची. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या अभियांत्रिकीत २०१२, २०१५, २०१९ असे पॅटर्न बदलत आले आहेत. तुम्ही एक वर्ष थांबलात आणि तेवढ्यात नवा पॅटर्न तुमच्या वर्षापर्यंत पोहोचला, तर परत आल्यावर विषय वेगळे असतात आणि समकक्षतेचे काही विषय जास्तीचे द्यावे लागतात. तुमच्या मागच्या वर्गाला कोणता पॅटर्न आहे एवढे परीक्षा विभागात विचारले, तरी पुढचा मनस्ताप वाचतो. तो फरक कधी कधी इतका मोठा असतो, की एक सत्र ओढूनताणून पूर्ण करणेच शहाणपणाचे ठरते. मिळवलेली श्रेयांके (क्रेडिट्स) मात्र बुडत नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनी सुरू झालेल्या शैक्षणिक श्रेयांक बँकेत ती साधारण ७ वर्षे वैध राहतात, म्हणून या बँकेतला आपला एबीसी ओळख क्रमांक चालू आहे आणि त्यावर आधीच्या सत्रांची श्रेयांके दिसत आहेत, हे खात्री करून घ्या.

प्रयोगशाळा, जर्नल आणि ताप

प्लेटलेट कमी असताना लेथवर किंवा वेल्डिंगच्या टेबलावर काम करणे धोक्याचे आहे, कारण साध्या कापण्यानेही रक्त लवकर थांबत नाही. औषध देण्यासाठी छातीत पोर्ट किंवा दंडात पिक लाइन ही नळी बसवलेली असेल, तर जड जॉब उचलणे आणि त्या हातावर ताण देणे टाळावे. शिक्षकांना आधी सांगितले तर तुमच्या गटाने यंत्र चालवायचे आणि तुम्ही मोजमापे घ्यायची, आलेख काढायचे, अशी वाटणी सहज होते. जर्नल मात्र स्वतःच लिहा, हळूहळू आणि दर आठवड्याला, कारण ओरलला, म्हणजे तोंडी परीक्षेला, परीक्षक त्यातलेच विचारतात.

आता सांगते ती गोष्ट कोणत्याही परीक्षेपेक्षा मोठी आहे. केमो चालू असताना ताप १०० पूर्णांक ४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअसला पोहोचला, तर तो साधा ताप नसतो. पांढऱ्या पेशी कमी असताना संसर्ग काही तासांत जिवावर बेतू शकतो. अशा वेळी स्वतःहून पॅरासिटामॉल घेऊन ताप दाबू नका, रुग्णालयाच्या दिलेल्या क्रमांकावर फोन करा आणि लगेच निघा. ओरलच्या दिवशी अंगात ताप असताना गोळी खाऊन रांगेत बसलेला विद्यार्थी मी पाहिला आहे. थर्मामीटर त्याच्या बॅगेत होते आणि त्याने ते मुद्दाम लावले नव्हते. त्याला त्याच पावली रुग्णालयात नेले आणि तिथे सहा दिवस सलाइनमधून प्रतिजैविके द्यावी लागली. ओरल नंतर झाली. त्या दिवशीचा रुग्णालयाचा दाखला विभागाकडे दिला तेव्हा परीक्षकांनी एकही प्रश्न विचारला नाही.

अभ्यास कोणत्या दिवशी

लिम्फोमा झालेल्या त्या पहिल्या मुलाने खोलीत कालनिर्णय टांगले होते आणि डोसच्या तारखांभोवती लाल गोल केले होते. डोसनंतरच्या पहिल्या चार दिवसांवर त्याने काट मारलेली असे, त्या दिवसांत पुस्तक उघडायचे नाही असा त्याचा स्वतःशी करार होता. पुढचे तीन-चार दिवस तो फक्त ऐकायचा, म्हणजे मित्राने रेकॉर्ड केलेली व्याख्याने किंवा शिक्षकांनी पाठवलेल्या ध्वनिफिती. शेवटच्या सहा दिवसांत, डोके सर्वांत स्वच्छ असताना, तो उष्मागतिकी आणि यंत्ररचनेची गणिते सोडवत असे. या उपचारांत लक्ष उडते, वाचलेले राहत नाही, शब्द आठवत नाहीत. हा आळस नाही, औषधांचा आणि थकव्याचा परिणाम आहे, आणि बहुतेकांमध्ये तो पुढे कमी होतो. म्हणून एका बैठकीला पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त बसू नये आणि प्रत्येक घटकाचा एक पानी सारांश स्वतःच्या अक्षरात काढावा. सगळ्या विषयांच्या नोट्ससाठी एकाच मित्रावर भार टाकू नका. प्रत्येक विषयाला एक जण ठरवला, तर कोणालाच जड जात नाही.

लेखी परीक्षा आणि लेखनिक

एबीव्हीडीतल्या व्हिनब्लास्टिनने बोटांना मुंग्या येतात आणि तीन तास लिहिणे काहींना अशक्य होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात २१ प्रकारची दिव्यांगत्वे नमूद आहेत. त्यांत थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल आणि मल्टिपल स्क्लेरोसिस आहेत, पण कर्करोग किंवा मूत्रपिंडविकार त्या नावाने नाहीत. ज्यांचा आजार यादीत आहे त्यांनी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्र, काढावे. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलचे विद्यार्थी बरेच असूनही अनेकांना हे माहीत नसते. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असेल, तर सरकारी आणि अनुदानित उच्चशिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव असतात. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, ४० टक्क्यांच्या आत असलेल्या उमेदवारालाही लिहिण्यात खरी अडचण असल्यास लेखनिक (सांगितलेली उत्तरे लिहून देणारी व्यक्ती) नाकारता येणार नाही, असा निर्णय दिला आणि त्यानुसार ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या. लेखनिक मंजूर झालेल्यास तासाला किमान २० मिनिटे जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास मिळतो. आजार यादीत नसेल, तर विद्यापीठाच्या स्वतःच्या लेखनिकविषयक नियमाखाली अर्ज करा, शासकीय रुग्णालयाचा दाखला जोडा आणि हे परीक्षेच्या किमान महिनाभर आधी उरका. हॉल वेगळा आणि हवेशीर मागण्यासाठी डॉक्टरांच्या पत्रातले गर्दीविषयीचे वाक्य इथे पुन्हा कामी येते.

पैसा आणि प्रवास

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. योजनेत असलेल्या (अंगीकृत) रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, पहिल्याच दिवशी रेशन कार्ड आणि आधार घेऊन भेटा, बिल भरून झाल्यावर नव्हे. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उपचारासाठी रेल्वेने जाणाऱ्या कर्करुग्णाला स्लीपर आणि थ्री-टायर एसीत पूर्ण, तर सोबतच्या एका व्यक्तीला ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी ठरावीक नमुन्यातला दाखला रुग्णालयातून घ्यावा लागतो. परळच्या टाटा रुग्णालयात उपचार असतील, तर राहण्यासाठी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेची चौकशी करावी. डायलिसिसवर असलेल्या विद्यार्थ्याने आठवड्यातले तीन दिवस, प्रत्येकी सुमारे चार तास, हे गणित मांडून केंद्राकडे पहाटेची किंवा संध्याकाळची पाळी मागावी आणि फिस्टुला (डायलिसिससाठी जोडून तयार केलेली रक्तवाहिनी) असलेल्या हातात दप्तर उचलू नये.

परतल्यावर

उपचार संपले की घरचे आणि महाविद्यालय दोघेही सगळे पूर्ववत झाले असे समजतात, पण पहिली दोन वर्षे दर काही महिन्यांनी तपासणी असते आणि थकवा बराच काळ राहतो. शेवटच्या वर्षाचा प्रकल्पगट निवडताना त्या तारखा गटातल्या सगळ्यांना आधीच सांगा आणि बाहेरगावी भेटी द्याव्या लागतील असा प्रकल्प शक्यतो टाळा. कॅम्पसच्या मुलाखतीत खंडाचे कारण विचारले, तर “वैद्यकीय उपचार सुरू होते, ते पूर्ण झाले, हे सत्रांचे निकाल” एवढे सरळ उत्तर पुरते. कंपनीच्या वैद्यकीय तपासणीत मात्र काहीही लपवू नका.

रुग्णालयाकडून उपचारसारांश लिहून घ्यायला विसरू नका. कोणते औषध एकूण किती मात्रेत मिळाले, हे त्या एका पानावर असते. एबीव्हीडीतल्या डॉक्सोरुबिसिनचा परिणाम हृदयावर आणि ब्लिओमायसिनचा फुफ्फुसांवर पुढे वर्षांनीही होऊ शकतो, त्यामुळे नोकरीच्या गावी नवा डॉक्टर पाहताना आणि कोणत्याही शस्त्रक्रियेच्या आधी भूलतज्ज्ञांना ते पान दाखवावे लागते. माझा तो विद्यार्थी आता चाकणच्या एका कारखान्यात काम करतो आणि त्याच्या वडिलांनी सुतळीने बांधलेल्या गठ्ठ्यात हे पान सर्वांत वर ठेवलेले आहे.